एका पोथीसाठी चार वेळा अमेरिका

अंगण झाडणाऱ्या माणसाकडे नुसतं पाहून त्याचा स्वभाव सांगता येईल का? सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचा एक ग्रंथ म्हणतो, येईल. ज्याच्या मनात आसक्ती जास्त, तो केरसुणी नीट धरतो आणि घाई न करता, वाळू न विस्कटता, एकसारखं झाडतो. ज्याच्या मनात द्वेष जास्त, तो केरसुणी आवळून धरतो, भराभर झाडतो, खरखर आवाज करतो आणि दोन्ही बाजूंना वाळूचे ढीग लावत जातो. मोहात वावरणाऱ्याची तर केरसुणीच हातात सैल. त्याचं अंगण धड झाडलेलं नसतं आणि धड न झाडलेलंही नसतं. जेवणाचंही तसंच. पहिल्याला स्निग्ध आणि गोड आवडतं, दुसऱ्याला रूक्ष आणि आंबट.

एवढं बारीक निरीक्षण करून ग्रंथकार काय म्हणतो पाहा. स्वभाव ओळखण्याची ही रीत मूळ बुद्धवचनात आलेली नाही, जुन्या टीकांमध्येही नाही, ती केवळ आचार्यांच्या मतानुसार सांगितली आहे, म्हणून तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका! पाचव्या शतकातला लेखक स्वतःच्या माहितीचा उगम सांगतो आणि तिला किती वजन द्यायचं हेही सांगतो. हे वाचताना मी दर वेळी थांबते.

ग्रंथाचं नाव ‘विसुद्धिमग्ग’, कर्ता आचार्य बुद्धघोष, भाषा पाली. तो रचला गेला श्रीलंकेत, अनुराधपूरच्या महाविहारात. शील, समाधी, प्रज्ञा अशा चढत्या क्रमाने २३ परिच्छेद. मन एकाग्र करण्यासाठी ४० विषय दिले आहेत, आणि तेही हातात साहित्य देऊन. त्यांपैकी एकासाठी मातीचं गोल मंडल करायचं. केवढं? एक वीत आणि चार बोटं. माती कशी? निळी नको, पिवळी नको, तांबडी नको, पांढरी नको. गंगेच्या प्रवाहातल्या मातीसारखी, अरुणोदयाच्या रंगाची. लंकेत बसून लिहिणारा माणूस गंगेच्या गाळाचा रंग सांगतो आहे.

आता एक प्रश्न. या ग्रंथाचा शुद्ध, भरवशाचा पाठ तयार करण्याचं काम १९१० साली कुठे चाललं असेल? काशीला? कोलंबोत? मंडालेला? ते चाललं होतं अमेरिकेत, बोस्टनला लागून असलेल्या केंब्रिज गावी, हार्वर्ड विद्यापीठात. ते अडलं होतं, आणि ते पुढे नेण्यासाठी हार्वर्डने ज्याला बोलावलं, तो माणूस गोव्यातल्या सांखवाळचा होता. लहानपणी मराठी शाळेत जेमतेम काही इयत्ता शिकलेला, तरुणपणी घरच्या नारळाच्या बागा सांभाळणारा. त्यांचं नाव धर्मानंद कोसंबी.

हे घडलं कसं?

सुरुवात अडचणीपासून करू. बुद्धघोषांविषयी लंकेत एक आख्यायिका आहे. महाविहारातल्या भिक्षूंनी त्यांची परीक्षा घ्यायची म्हणून दोन गाथा दिल्या आणि त्यांवर लिहायला सांगितलं. त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. देवांनी तो लपवला. त्यांनी पुन्हा लिहिला, देवांनी तोही लपवला. तिसऱ्यांदा लिहून झाल्यावर देवांनी आधीच्या दोन्ही प्रती परत आणून ठेवल्या. तिन्ही प्रती शेजारी ठेवून वाचल्या, तर एका अक्षराचाही फरक नव्हता!

आख्यायिकेत अक्षराचा फरक नव्हता. प्रत्यक्षात ताडपत्रं दोन-तीन शतकांत जीर्ण होतात, म्हणजे ग्रंथ जिवंत ठेवायचा तर पुन्हा पुन्हा उतरवून घ्यावा लागतो. त्यात पालीला स्वतःची अशी लिपीच नाही. लंकेत ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी अक्षरांत, सयाममध्ये आणखी वेगळ्या. ब्रह्मी अक्षरं इतकी वाटोळी का, याचं एक कारण असं देतात की टोकदार लेखणीने आडवी सरळ रेघ ओढली तर ताडपत्र शिरेवर चिरतं. सिंहलीत ‘च’ आणि ‘व’ यांच्यात इतकं साम्य आहे की थकलेल्या डोळ्यांना ते सहज फसवतात. पंधराशे वर्षं असे थकलेले डोळे आणि कोरणारे हात. मग बुद्धघोषांचा मूळ शब्द कोणता, हे ठरवायचं कसं?

आजीची मेतकुटाची कृती तीन सुनांनी आपापल्या वहीत उतरवून घेतली आहे असं समजा. एकीने ‘धणे’ऐवजी चुकून ‘दाणे’ लिहिलं. पुढे वीस घरांत त्या वह्यांच्या नकला गेल्या. ज्या ज्या वहीत ‘दाणे’ आहेत, ती त्या एका सुनेच्या वहीची लेक किंवा नात. चुकांवरून वंशावळ लागते! आणि ज्या दोन घराण्यांचा एकमेकांशी कधी संबंधच आला नाही, त्या दोन्हींकडे ‘धणे’ असेल, तर तो आजीचाच शब्द असण्याची शक्यता मोठी. पाठसंपादनाच्या शास्त्राचा गाभा हाच. ब्रह्मदेशात आणि लंकेत पोथ्या बव्हंशी वेगवेगळ्या हातांनी उतरत गेल्या. म्हणून त्या दोन्हीकडे जिथे एकमत दिसतं, तिथे आपण बुद्धघोषांच्या बरेच जवळ पोचलेले असतो.

हे काम ज्याने हाती घेतलं तो बोस्टनचाच एक श्रीमंत गृहस्थ होता, हेन्री क्लार्क वॉरन. जन्म १८५४चा. लहानपणी पडून पाठीच्या कण्याला कायमची इजा झालेली. देहाचं दुखणं घेऊन या माणसाने पाली शिकली, आणि आपले गुरू व मित्र चार्ल्स लॅनमन यांच्यासह १८९१ मध्ये ‘हार्वर्ड ओरिएंटल सिरीज’ ही ग्रंथमाला सुरू केली. पालीतल्या निवडक उताऱ्यांचा त्याचा इंग्रजी अनुवाद १८९६ मध्ये त्याच मालेत निघाला. टी. एस. एलियटने ‘द वेस्ट लँड’च्या टिपांमध्ये बुद्धाच्या अग्निविषयक उपदेशासाठी ज्या पुस्तकाचा हवाला दिला आहे, ते हेच. पण वॉरनचा खरा ध्यास ‘विसुद्धिमग्ग’. सिंहली आणि ब्रह्मी पोथ्या जुळवून त्याने पाठ रोमन लिपीत लिहून काढला. जानेवारी १८९९ मध्ये तो वारला. संपादन जवळजवळ पूर्ण झालं होतं, पण छापण्याजोगं झालं नव्हतं.

त्याच १८९९च्या अखेरीला, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, तेवीस वर्षांचा एक तरुण सांखवाळचं घर सोडून निघाला. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मराठी मासिकात त्याने बुद्धाविषयी एक लेख वाचला होता. तेवढ्यावर! बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा, एवढंच त्याला ठाऊक होतं. कुठे शिकायचा हे सांगणारं गोव्यात कोणी नव्हतं. तो पुण्याला गेला, उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर करत काशीला पोचला, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला. नेपाळला गेला, बुद्धगयेला गेला. तिथून अखेर १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय परिवेणात, आचार्य सुमंगल यांच्यापाशी. तिथे पाली सापडली. नंतर ब्रह्मदेशातले विहार.

या भटकंतीत काय साठत गेलं ते लक्षात घ्या. सिंहली लिपी डोळ्यांत बसली, ब्रह्मी लिपीही बसली. संस्कृतचा पाया काशीत पक्का झाला होता. पालीतले ग्रंथ त्यांनी कोशातून उलगडले नाहीत. जे ते रोज पाठ म्हणत होते आणि ज्यांची दिनचर्याच त्या ग्रंथांवर चालत होती, अशा भिक्षूंकडून ते शिकले. स्वतः भिक्षू होऊन शिकले. वॉरनच्या अपुऱ्या राहिलेल्या कामाला जो जो गुण हवा होता, तो तो या माणसात एकेक करून भरला जात होता. आणि त्याला या कामाचा पत्ताही नव्हता.

चीवर उतरवून कोसंबी कलकत्त्याला पाली शिकवू लागले. मग सयाजीराव गायकवाडांनी महिना ५० रुपये देऊ केले, महाराष्ट्रात राहून काम करावं म्हणून, आणि कोसंबी कलकत्त्याची नोकरी सोडून आले. याच काळात त्यांची गाठ जेम्स हॉटन वुड्स या हार्वर्डच्या प्राध्यापकाशी पडली. वुड्स पतंजलीच्या योगसूत्रांवर काम करत होते. त्यांनी हार्वर्डचं निमंत्रण दिलं, आणि १९१० मध्ये कोसंबी केंब्रिजला पोचले. वय ३३.

आशियातून शिकवायला आलेला माणूस हार्वर्डने पूर्वीही पाहिला होता. १८७९ मध्ये चीनच्या निंगबोहून को खुन-ह्वा नावाचे कवी-अधिकारी बायकामुलांसह तिथे आले होते. महिना २०० डॉलर, तीन वर्षांचा करार, विषय चिनी भाषा. बोस्टनच्या व्यापाऱ्यांना चीनशी व्यापार वाढवायचा तर भाषा यायला हवी, ही त्यामागची कल्पना. विद्यार्थी मात्र मोजकेच मिळाले, आणि त्यांच्यात उठून दिसला तो व्यापारी नव्हताच, तो होता लॅटिनचा प्राध्यापक जॉर्ज मार्टिन लेन! दोघांची मैत्री झाली. को यांचा अधिकाऱ्याच्या पूर्ण पोशाखातला फोटो आजही हार्वर्डकडे आहे. करार संपण्याआधीच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, ते न्यूमोनियाने गेले. त्यांनी बरोबर आणलेली पुस्तकं हार्वर्डच्या चिनी ग्रंथसंग्रहाच्या मुळाशी आहेत. पश्चिमेकडच्या जगात आज चिनी पुस्तकांचे जे मोठे संग्रह मानले जातात, त्यांपैकी हा एक.

को यांच्याकडून हार्वर्डला भाषा हवी होती. कोसंबींकडून काय हवं होतं? पोथ्या होत्या, वॉरनचा पाठ होता, कोश होते, लॅनमनसारखा करडा संस्कृतज्ञ होता. मग राहिलं काय?

बुद्धघोष पावलोपावली उद्धृत करतात. कधी एखादा शब्द, कधी अर्धी गाथा, आणि अनेकदा कुठून घेतलं हे सांगतही नाहीत, कारण त्यांच्या समोरच्या भिक्षूंना ते पाठच होतं. तो उतारा मुळात कुठे आहे हे कळलं, की पोथीतली चूक तिथल्या तिथे पकडता येते. आज संगणकावर शब्द टाकला की क्षणात उत्तर मिळतं. १९१० मध्ये शोधयंत्र म्हणजे माणसाचं डोकं. बुद्धवचनांचा हजारो पानांचा पसारा ज्याच्या कानांतून गेला आहे, असं डोकं. शिवाय वाक्य व्याकरणात बसतं म्हणून ते बरोबरच असतं असं नाही. मातीच्या मंडलाकडे पाहता पाहता, डोळे मिटल्यावरही ते दिसू लागतं त्या क्षणी साधकाने काय करायचं, हे वर्णन कुठे बिघडलं आहे, ते विहारात राहून शिकलेल्याच्या लगेच ध्यानात येणार.

म्हणजे कोसंबी तिथे शिकवत होते. आणि शिकतही होते! पोथ्या एकमेकींशी ताडून पाहायच्या, प्रत्येक पाठभेदाची नोंद ठेवायची, आपल्याला आवडलेला पाठ आणि पुराव्याने सिद्ध होणारा पाठ वेगळे ठेवायचे, ही शिस्त त्यांना विहारात मिळाली नव्हती. ती हार्वर्डने दिली. आणखी एक गोष्ट त्यांनी तिथे उचलली, जिच्यासाठी त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. समाजवादाची पुस्तकं त्यांनी वाचायला घेतली. बुद्धाचा संघ आणि कामगारांचे संघ हे दोन विषय त्यानंतर त्यांच्या मनात शेजारी शेजारीच राहिले. १९३७ मध्ये परळच्या गिरणगावात त्यांचा ‘बहुजन विहार’ उभा राहिला, त्याची बीजं मला तरी केंब्रिजमधल्या या वाचनात दिसतात.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. ग्रंथावर नाव कोणाचं, श्रेय किती कोणाचं, यावरून लॅनमन आणि कोसंबी यांचं बिनसलं आणि १९१२ मध्ये कोसंबी काम टाकून परतले. ‘निवेदन’ या आपल्या मराठी आत्मचरित्रात त्यांनी हे स्वतःच सांगितलं आहे. मला यात दोन व्यक्तींच्या भांडणापेक्षा मोठं काही दिसतं. पूर्वेचा पंडित आणि पश्चिमेचा प्राध्यापक यांच्यातला व्यवहार तोवर बहुतेक एकाच चालीने झालेला होता: पंडिताने सांगायचं, प्राध्यापकाने आपल्या नावावर छापायचं. कोसंबी त्या चालीत बसायला तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं.

पुढची सहा वर्षं ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत राहिले. मग वुड्स यांचं पुन्हा बोलावणं आलं. १९१८ ते १९२२, १९२६-२७, १९३१-३२. पहिली खेप धरून चार वेळा हा माणूस समुद्र ओलांडून हार्वर्डला गेला. एका अस्सल पाठासाठी! या खेपांच्या मध्ये त्यांनी मराठीत पुस्तकं लिहिली, लेनिनग्राडला जाऊन आले, मिठाच्या सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले.

या काळात त्या आवारात आशियाची वर्दळ वाढत होती. १९१३ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर तिथे व्याख्यानं देऊन गेले. त्याच वर्षी जपानचे मासाहारू आनेसाकी दोन वर्षांसाठी शिकवायला आले, आणि त्यांच्या वर्गात एलियट नावाचा तोच तरुण बसत होता, जो त्याआधी लॅनमनकडे संस्कृत आणि वुड्सकडे पतंजली शिकला होता. एका विद्यापीठाच्या दोनचार खोल्यांत इतके धागे एकत्र आले होते.

काम १९३२च्या सुमारास झालं, पण छपाई होईना. दरम्यान लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने १९२०-२१ मध्येच आपली आवृत्ती काढलेली. मग कोसंबींनी वेगळी वाट धरली. १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत छापून काढला. लंकेत लिहिलेला, भारतात नाहीसा झालेला ग्रंथ आपल्या अक्षरांत आपल्या हाती आला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी एक धाडसी मत मांडलं. परंपरा म्हणते, बुद्धघोष बुद्धगयेजवळचे. कोसंबी म्हणाले, ग्रंथातल्या खाणाखुणा पाहता हा माणूस उत्तरेचा वाटत नाही. तो दक्षिणेचा, तेलुगू मुलखातला असावा. चुकांवरून पोथीची वंशावळ शोधणाऱ्या माणसाने त्याच नजरेने खुद्द ग्रंथकाराचं गाव शोधायला घेतलं होतं.

जून १९४७ मध्ये सेवाग्रामला कोसंबींनी अन्न सोडून देह ठेवला. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० मध्ये, वॉरनच्या मृत्यूनंतर ५१ वर्षांनी. मुखपृष्ठावर संपादक म्हणून हेन्री क्लार्क वॉरन आणि संशोधित करणारे म्हणून धर्मानंद कोसंबी, अशी दोन नावं आहेत. ही दोन माणसं एकमेकांना कधीच भेटली नव्हती. सहा वर्षांनी, १९५६ मध्ये, ञाणमोली नावाच्या इंग्रज भिक्षूने लंकेत राहून या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद पूर्ण प्रसिद्ध केला, आणि त्यात परिच्छेदांचे क्रमांक हार्वर्डच्या आवृत्तीचे घेतले. अनुराधपूरचा ग्रंथ केंब्रिजहून क्रमांक लावून लंकेला परत आला! आज जगात कुठेही कोणी ‘विसुद्धिमग्गा’तल्या वाक्याचा इंग्रजीतून हवाला देतो, तेव्हा बहुधा तेच क्रमांक वापरतो.

कोसंबींचे फर्ग्युसनमधले शिष्य पु. वि. बापट यांनीही हार्वर्डची वाट धरली आणि तिथून डॉक्टरेट मिळवली. त्यांचा विषय तर ऐकाच. ‘विमुत्तिमग्ग’ नावाचा, ‘विसुद्धिमग्गा’सारखाच एक ग्रंथ होता. त्याचा सहाव्या शतकातला चिनी अनुवाद शिल्लक होता. बापटांनी तो चिनी ग्रंथ बुद्धघोषांच्या पालीशी ओळीओळीने ताडून पाहिला. पुस्तक १९३७ मध्ये पुण्याला निघालं.

आणि घरातलीच आणखी एक गोष्ट. १९१८च्या खेपेला कोसंबींनी मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा मुलगा यांना बरोबर नेलं होतं. मुलगा केंब्रिजच्या शाळेत शिकला आणि १९२९ मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला. हेच दामोदर धर्मानंद कोसंबी, गणिती आणि इतिहासकार. त्यांनी वा. वि. गोखले यांच्यासह ‘सुभाषितरत्नकोश’ या संस्कृत सुभाषितसंग्रहाचं संपादन केलं. बंगालमधल्या जगद्दल विहारातल्या विद्याकर नावाच्या भिक्षूने इसवी सन ११००च्या आसपास तो जमवला होता. बंगालमधून तो पार नाहीसा झाला. त्याची ताडपत्रं उरली ती तिबेटमधल्या एका मठात, आणि संपादकांच्या हाती आले ते त्यांचे फोटो. फोटोंवरून अक्षर लावत, नेपाळातल्या दुसऱ्या प्रतीशी मेळ घालत दोघांनी पाठ सिद्ध केला. १९५७ मध्ये तो हार्वर्ड ओरिएंटल सिरीजमध्येच निघाला. वडिलांच्या ‘विसुद्धिमग्गा’चा त्या मालेतला क्रमांक आहे ४१. मुलाच्या ग्रंथाचा ४२.